दारणाकाठची भट्टी

मामांनी वीटभट्टी सुरू केली ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. त्या वेळी कागद म्हणून त्यांच्याजवळ एकच होता, मातीच्या रॉयल्टीची पावती. नाशिकरोडच्या पुढे दारणेकाठी एका शेतकऱ्याच्या जमिनीचा एक तुकडा उंचवट्यावर होता. पाटाचं पाणी तिथं चढत नसे, म्हणून तो पडीकच राहायचा. वरचा दोन हात पोयटा मामांनी काढून न्यायचा आणि जमीन पाण्याखाली आणून द्यायची, अशी तोंडी बोली झाली. बाकी भांडवल म्हणजे गहाण टाकलेल्या मामींच्या पाटल्या आणि घोटीच्या भातगिरणीतून उधारीवर मिळणारा तूस. दिवाळी उरकली आणि साचे बाहेर निघाले. धंदा उभा करायला तेवढं पुरायचं.

संध्याकाळी मातीच्या ढिगाला आळं करून पाणी सोडायचे. रात्रभर माती मुरली की पहाटेच्या अंधारात माणसं चिखलात उतरायची, तूस आणि राख मिसळून पायांनी तो तुडवायची. चिखल असा मऊ व्हायला हवा की बोटाला खडा लागता कामा नये. मग गोळा उचलून साच्यात जोरानं आपटायचा. कोपरा भरला नाही तर वीट तिथंच बाद. साचा उचलला की जमिनीवर नऊ बाय चार बाय तीन इंचांची ओली वीट उरायची. नवरा-बायकोची जोडी दिवसाला हजारभर विटा थापत असे. आधी आडव्या, मग उभ्या, मग थप्पीत, अशा त्या वाळायच्या. मार्चमध्ये आभाळ भरून आलं की घरातलं जेवणाचं ताट तसंच टाकून सगळे ताडपत्र्या घेऊन धावायचे. अर्ध्या तासाच्या अवकाळीत महिन्याची मेहनत पुन्हा चिखल व्हायची.

भट्टी रचणारा कारागीर वेगळा असायचा आणि त्याचा मान मोठा होता. खाली पेटवणीचे बोळ, वर विटांचे थर, थरांमध्ये तूस आणि कोळशाचा चुरा, बाहेरून मातीचं लिंपण. नारळ फोडून अग्नी दिला की पुढचे दोन-तीन आठवडे मामांची खाट भट्टीशेजारी. धूर पाहून त्यांना आग कुठल्या थराला आहे ते कळायचं. भट्टी उघडली की आतल्या लाल विटा पहिल्या नंबरच्या, कडेच्या फिक्या राहिलेल्या दुय्यम, आणि आगीच्या तोंडाशी वितळून एकमेकींना चिकटलेले खंगर पायाभरणीला. मामा दोन विटा एकमेकींवर वाजवायचे. खणखणीत आवाज आला तरच ती गाडीत चढायची. आवाज बद्द आला तर गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ती वीट मामा देत नसत.

कच्च्या विटा भट्टीपर्यंत वाहायला गाढवं होती. ती आणायला मामा पौष पौर्णिमेला जेजुरीला जायचे. तिथल्या बाजारात राज्यभरातले कुंभार, वडार, बेलदार यायचे. काठेवाडी गाढवाचा भाव ऐकून मामा आठवडाभर हळहळायचे. आता बहुतेक भट्ट्यांवर ट्रॅक्टर आले आणि तो बाजारही पहिल्यासारखा भरत नाही.

हे सगळं मला मनापासून प्रिय आहे. पण त्या वेळी धंदा इतक्या थोडक्यात उभा राहायचा, कारण त्याची बरीचशी किंमत दुसरेच मोजत होते.

पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबं पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मोसमभर ती फेडायची. हिशेब ज्येष्ठाच्या तोंडावर. पुष्कळांच्या नावावर तेव्हाही बाकी निघायची आणि पुढच्या वर्षाचं काम आधीच ठरून जायचं. वेठबिगारीविरोधी कायदा 1976 सालीच झाला होता, पण भट्टीवर त्याचं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. माझ्याच वयाची मुलं ओल्या विटा उलटवत बसलेली असायची. ठाण्याकडे विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगा शाळा चालवल्या. आमच्या भट्टीवर तसलं काही नव्हतं. आणि पोयटा? तो तयार व्हायला नदीला शतकं लागली होती. पहिल्या शेतकऱ्याची जमीन पाण्याखाली आली हे खरं, पण नंतर चांगल्या, सपाट जमिनीही खरवडल्या गेल्या. तिथं आज खड्डे आहेत.

पुढे आसपास द्राक्षबागा वाढल्या आणि धुरावरून भांडणं सुरू झाली. केंद्राच्या 2022 च्या नियमांनी भट्टीला वस्तीपासून आणि फळबागांपासून किमान 800 मीटरचं अंतर घातलं. तोवर मामांनी भट्टी बंद केली होती.

मामेभावाने आता त्याच भागात राखेच्या विटांचा कारखाना टाकला आहे. एकलहऱ्याचं औष्णिक वीजकेंद्र जवळ असल्याने राखेला तोटा नाही. अशी राख विटांकडे वळवण्याचा केंद्राचा आदेश 1999 चा. निम्म्याहून अधिक राख, क्रशरवरची डस्ट, साधारण दहा टक्के सिमेंट, मिक्सर आणि हायड्रॉलिक प्रेस. आग नाही, धूर नाही, पोयट्याचा कण नाही.

पण सुरुवात मात्र पाटल्यांवर होत नाही. प्रकल्प अहवाल, उद्यम नोंदणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, वीजजोड, जीएसटी, आणि मग बँकेच्या पायऱ्या. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात कारखान्यासाठी 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. सर्वसाधारण गटाने 10 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा गटांनी 5 टक्के स्वतःचे घालायचे. ग्रामीण भागात अनुदान अनुक्रमे 25 आणि 35 टक्के. मामांसारख्या माणसाला हा उंबरठा उंच वाटला असता, आणि तो उंच आहेच. तरीही मला हा धंदा अधिक सरळ वाटतो. त्याची किंमत मालक स्वतः, आधीच आणि कागदावर मोजतो. कामगार संध्याकाळी आपल्या घरी जातात, पगार महिन्याला होतो, मुलं गावच्या शाळेत असतात.

नव्या धंद्यात एकच गोष्ट हरवताना दिसते, ती म्हणजे सबुरी. भट्टीची आग कुणाच्या घाईला जुमानत नसे. प्रेसमधून निघालेली वीट मात्र दुसऱ्याच दिवशी तयार दिसते. तिला दोन-तीन आठवडे पाणी पाजावं लागतं, आणि बांधकामाचा तगादा लागला की अनेक जण ती आठवड्यातच गाडीत भरतात. राखेच्या विटेला तडे जातात ही तक्रार बहुतेक वेळा तिथून सुरू होते.

म्हणून या धंद्यात उतरणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे: यंत्राची किंमत विचारण्याआधी पाण्याची सोय पाहा, आणि तीन आठवड्यांचा माल मुरत ठेवता येईल एवढी जागा घ्या. घर बांधणाऱ्यांनी वीट कितव्या दिवसाची आहे हे विचारावं. एक कोरडी वीट तोलून चोवीस तास पाण्यात बुडवावी आणि पुन्हा तोलावी. वजन पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढलं, तर गाडी परत पाठवावी.