केळीचा स्वेटर

थंडी म्हटलं की आपल्याला आठवतं महाबळेश्वर, नाहीतर ऑफिसचा एसी. आणि चंद्रपूर म्हटलं की? ऊन! मे महिन्यात पारा 47 च्या वर गेल्याची बातमी आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवरून जाणारी माणसं. त्यामुळे जानेवारीत तिकडे निघताना मी बॅगेत चार टी-शर्ट आणि सनस्क्रीन टाकलं. स्वेटर पुण्यातच राहिला.

तसा मी फिरायला निघालो नव्हतो. माझी आत्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला एकटी राहते. काका जाऊन दोन वर्षं झाली. तिला आता पुण्याला आणायचं, असं घरातल्या सगळ्यांनी फोनवर ठरवलं आणि 'तू तिचा लाडका' म्हणून ही कामगिरी माझ्या गळ्यात पडली. माझ्या दृष्टीने एकदम सोपं काम. दोन दिवसांत पटवायचं, सामान बांधायचं, परत.

चंद्रपूरला उतरलात तर पुढचा प्रवास चांदा फोर्ट स्टेशनवरून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीने करा. शहर आणि औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या मागे पडल्या की केळझरच्या आसपास दोन्ही बाजूंनी साग आणि बांबू सुरू होतो. मग मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी. जंगल संपलं की धानाची बांध्याबांध्यांची शेतं आणि ठिकठिकाणी तळी. ब्रह्मपुरीनंतर वैनगंगेचा पूल ओलांडला की आपण गडचिरोलीत. 26 ऑगस्ट 1982 पर्यंत हा सगळा मिळून एकच चंद्रपूर जिल्हा होता. लोक मात्र या मुलखाला आजही एकाच नावाने ओळखतात, झाडीपट्टी.

पहिल्याच रात्री आत्या म्हणाली, "नाटक पाह्यला चाल." वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळीनंतर धान घरात आलं की सीझन सुरू. इथल्या कंपन्या गावोगावी मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने प्रयोग लावतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं आणि लोक अख्ख्या कुटुंबासह पांघरुणं घेऊन येतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. आमचं मल्टिप्लेक्स अडीच तासांत आटपतं, हे ऐकून शेजारच्या काकूंना माझी खरीखुरी दया आली.

पण खरं सांगू? दुसऱ्या अंकापासून माझं लक्ष नाटकात नव्हतंच. दात वाजत होते. पहाटे घरी आलो तेव्हा आत्या हसली, "काऊन बा, कुडकुडून रायला? थंडी काय फक्त पुण्यालेच पडते?"

सकाळी चहा घेऊन मागच्या अंगणात गेलो आणि बघतच राहिलो. न्हाणीच्या भिंतीलगत केळीचं झाड, आणि त्याला चक्क स्वेटर! खाली बुंध्याशी धानाच्या तणसाचा जाड थर, वर गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलेलं.

"हे काय?"

"तिले बी थंडी वाजते ना," आत्या म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण ही युक्ती काकांची. ते मूळचे रावेरचे, म्हणजे केळीच्याच गावचे. नोकरीसाठी इकडे आले आणि येताना कंद घेऊन आले. जळगाव भागात पारा 10 अंशांच्या खाली घसरला की केळीवाले बेचैन होतात. झाडाची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड नीट बाहेर पडत नाही. म्हणून तिकडे रात्री बागेला पाणी देतात, कारण विहिरीचं पाणी त्या मानाने कोमट असतं. पहाटे बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. अंगणातल्या एका झाडासाठी एवढं कोण करणार? म्हणून काकांनी गोणपाट गुंडाळलं.

तुम्ही म्हणाल, एवढे लाड कशाला? पण केळीची गंमत समजून घ्या. जे आपल्याला खोड वाटतं ते खोड नसतंच. एकात एक घट्ट बसलेले पानांचे देठ असतात ते. खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. वरचं सगळं थंडीने करपलं किंवा उन्हाने भाजलं तरी कंद जिवंत असेल तर बाजूने पिल्लू येतंच. वरचं झाड एकदाच घड देतं आणि मरतं. पुढचा घड पिल्लाचा.

याच कंदाच्या भरवशावर इंग्लंड-अमेरिकेतले हौशी लोक बर्फ पडतो तिथेही केळ लावतात. 'मुसा बास्जू' नावाची ही जात मूळची दक्षिण चीनमधली. पानं पहिल्या हिमाने काळी पडली की ते झाड कमरेएवढं छाटतात, भोवती जाळी उभी करून पेंढा भरतात, वरून पाऊस शिरू नये म्हणून झाकतात आणि वसंतात उघडतात. म्हणजे आत्याचाच फॉर्म्युला. सतराव्या शतकात जपानमधल्या एका कवीला शिष्याने हे झाड भेट दिलं. कवीला ते इतकं आवडलं की त्याने झाडाचंच नाव घेतलं, बाशो. तिकडच्या थंडीत खाण्यासारखी केळी मिळत नाहीत, पण त्याला त्यांची गरजही नव्हती.

दुपारी जेवताना मी विषय काढला. फ्लॅट, लिफ्ट, जवळ हॉस्पिटल, सगळं प्रेझेंटेशन दिलं. आत्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अन् केळीले मे महिन्यात पाणी कोण टाकन?"

न्हाणीचं पाणी केळीला जातं. घरात कुणी आंघोळच केली नाही तर मे महिन्यातल्या त्या उन्हात कंदसुद्धा टिकायचा नाही. मी म्हणालो, "एका झाडासाठी, आत्या?"

ती काही बोलली नाही. माझ्या पानात भात वाढला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्याइनं लावली ना रे."

माझं प्रेझेंटेशन तिथेच संपलं. पोटात कसंतरी झालं. दोन वर्षांत मी तिला चार फोन केले असतील, आणि आलो होतो तो थेट घर रिकामं करायला.

मग आम्ही हिशेब मांडला. डिसेंबर-जानेवारीत केळीला गोणपाट हवं, मार्च ते जून पाणी हवं. पावसाळ्यात मात्र तिला कुणाचीच गरज नसते. ठरलं! जुलै ते सप्टेंबर आत्या पुण्याला. बाकी वर्ष वडसा. आणि जानेवारीत गोणपाट बांधायला मी. घरच्यांना हे पटवायला मात्र मला जास्त वेळ लागला.

निघताना तिने एक पिल्लू खणून दिलं. "रुंद पानाचं नको घेऊ, तलवारीसारख्या पानाचं घे. ते कंदाले घट्ट धरून रायते, जोमानं वाढते." ते सध्या माझ्या गॅलरीतल्या ड्रममध्ये आहे. घड येईल न येईल, पाहू.

जायचं असेल तर : नाटकांसाठी दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. नागपूरहून ब्रह्मपुरीमार्गे रस्त्याने किंवा चांदा फोर्टहून रेल्वेने वडसा गाठता येतं. जोडीला ताडोबा करता येईल. आणि हो, स्वेटर विसरू नका.