अंगठ्यातली काच

रात्रपाळी संपवून घरी आले, तरी अंगठा चुरचुरतोय. पहाटे तीनला औषधाची काचेची अँप्यूल मोडताना काच लागली. दिसणारी काच माझ्या बोटात गेली. न दिसणारी कुठे गेली, हा विचार काही पाठ सोडत नाही.

अँप्यूलची मान मोडली की चुरा उडतो, थोडा औषधात पडतो. साध्या डोळ्याला साधारण ५० मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही आणि फुफ्फुसातल्या केशवाहिन्या जेमतेम ७-८ मायक्रॉनच्या; न दिसलेला कणही तिथे अडकू शकतो. म्हणजे सिरिंज उजेडात धरून ‘स्वच्छ आहे’ म्हणणं निव्वळ मनाची समजूत. तरी मी धरतेच.

पॅरिसच्या लिमुझँ नावाच्या औषधविक्रेत्याने १८८६ साली ही बंद कुपी आणली, औषधाला जंतू लागू नयेत म्हणून. जंतू बाहेर राहिले, काच आत आली!

उपाय आहे. ५ मायक्रॉनची फिल्टर नीडल. तिने औषध ओढायचं आणि टोचण्याआधी सुई बदलायची. विसरून त्याच सुईतून ढकललं, तर अडवलेला चुरा सरळ रुग्णाकडे. आमच्या ट्रेमध्ये ती क्वचितच असते. मग स्पिरिटच्या बोळ्याने मान पुसायची, औषध बारीक सुईने सावकाश ओढायचं. जाड सुईने काम पटकन होतं, पण चुराही जास्त येतो. पहाटे तीनला, चार बेल एकदम वाजत असताना, ‘सावकाश’ म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक.

आई ओट्याशी तांदूळ निवडतेय. खडा सापडला की ताटाच्या कडेला ठेवते. पट्टी बघून म्हणाली, “परत काच?”