क्षमा आणि न्याय

ईश्वर दयाळू आहे, तो क्षमा करीलच, हें वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणें उच्चारलें जातें कीं, त्यांत कांहीं अडचण आहे अशी शंकाही कोणास येत नाहीं. परंतु न्यायासनावर बसलेला मनुष्य केवळ मन मऊ आहे म्हणून चोरास सोडून देऊं लागला, तर त्यास आपण दयाळू म्हणूं काय? ज्याचें घर फोडलें गेलें तो तरी म्हणणार नाहीं. मग जी गोष्ट मनुष्यास शोभत नाहीं ती ईश्वरास भूषण कशी व्हावी, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस छळीत आला आहे.

त्याचें कारण पुस्तकी नाहीं. आम्ही रावेरास राहतों. सातपुड्याच्या पायथ्याचा हा केळीच्या बागांचा मुलूख. येथें एका बांधासाठीं सख्खे भाऊ जन्मभर बोलत नाहींत. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेचा वांटा कागदोपत्रीं आपल्याकडे वळवून घेतला. पुढें उतारवयांत त्यांचें चित्त धर्माकडे लागलें. देवानें आपलें सर्व पोटांत घातलें, असें ते डोळ्यांत पाणी आणून सांगत; आणि तें पाणी खोटें नव्हतें. ती बाई मात्र त्याच सुमारास दुसऱ्याच्या बागेंत मजुरीनें केळीचे घड वाहत होती. त्यांचा धर्म कोणता, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. असे गृहस्थ सर्व धर्मांत आहेत. आम्हांस एवढेंच वाटे कीं, या क्षमेंत त्या बाईस कोणी विचारलें काय?

महाराष्ट्रांत या प्रश्नाचा ऊहापोह पूर्वीं झालेला आहे. १८६७ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजानें पश्चात्ताप आणि प्रार्थना हाच मार्ग पुरेसा मानला. मध्यस्थाची आवश्यकता मानली नाहीं. ख्रिस्ती शास्त्र येथें थांबत नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, ईश्वराची पवित्रता म्हणजे त्याचा रागीटपणा नव्हे. वाइटास वाईटच म्हणणें हा त्याचा स्वभाव आहे, आणि त्या स्वभावास मुरड घालून तो क्षमा करील तर तो ईश्वरच राहणार नाहीं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत पौलानें नेमकी हीच गांठ हातीं घेतली आहे: देव स्वतः न्यायी राहून पाप्यास निर्दोष कसा ठरवितो? त्याचें उत्तर, क्रूस.

या उत्तराचें मर्म आम्हांस देहूच्या कथेवरून कळलें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील प्रार्थनेंत पापास ऋण म्हटलें आहे. तुकोबांनीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं, ही आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. परंतु अर्धीं खतें धाकट्या भावास, कान्होबास, देऊन केवळ आपल्या वांट्याचीं बुडविलीं, हा तिचा भाग आपण विसरतों. त्यांत दोन गोष्टी आहेत. सोडलेलें कर्ज हवेंत विरत नाहीं. तें सोडणाऱ्याच्या अंगावर येतें. आणि दुसऱ्याचें येणें आपणांस सोडतां येत नाहीं. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, असें ते म्हणत. त्या पुलाची एक कमान ही असावी, असें आम्हांस वाटतें.

आतां आक्षेप असा कीं, अपराध्याऐवजीं निरपराध्यास शिक्षा देणें हा न्याय कसा? तिसऱ्याच कोणास धरून वधस्तंभावर दिलें असतें तर तो अन्यायच, यांत संशय नाहीं. ख्रिस्ती शास्त्राचा दावा निराळा आहे: न्यायाधीशच खालीं उतरला, आणि ज्याचा अपराध झाला त्यानेंच तोटा सोसला. म्हणूनच ख्रिस्ताचें ईश्वरत्व बाजूस काढलें कीं, हा सिद्धांत न्यायाच्या कसोटीस उतरत नाहीं. दोष हा रुपयाप्रमाणें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो काय, ही शंका यानंतरही आमच्या मनांतून समूळ जात नाहीं. परंतु क्षमा फुकट नसते, एवढें त्यांतून निःसंशय निघतें. आणि नुसत्या दयाळूपणाच्या कल्पनेंतून तें निघत नाहीं.

मग त्या बाईचें काय? प्रत्येक पाप ईश्वराविरुद्धही असतें, म्हणून आपलें येणें तो सोडूं शकतो. पण त्यामुळें बाईचें येणें फिटत नाहीं. लूकच्या शुभवर्तमानांतील जक्कय हा जकातदार, अन्यायानें घेतलेलें चौपट परत देतों, असें म्हणतो. ही चौपट रक्कम क्षमेची किंमत नव्हे. ख्रिस्त तर आधींच त्याच्या घरीं उतरावयास निघाला होता. ती क्षमा मिळाल्याची पावती होय. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं झाला. परंतु आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हें पुढें आठ वर्षांनीं उमगलें, असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. विधि उरकणें आणि क्षमा पावणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याविषयीं याहून अधिकारी साक्ष कोणती?

आमचे ते गृहस्थ वारले. जमीन त्यांच्या मुलांच्या नांवावर चढली. ईश्वरानें त्यांचें काय केलें, हें ठरविणारे आम्ही कोण? परंतु ज्या ईश्वरास आपण पवित्र मानीत नाहीं, त्याच्या क्षमेचा सौदा नेहमीं स्वस्त असतो, आणि तो नेहमीं तिसऱ्याच कोणाच्या खर्चानें होतो. क्रूसावर वाचकाचा विश्वास असो वा नसो, एवढें तरी ध्यानांत असावें कीं, जी क्षमा सातबाऱ्याच्या उताऱ्यापर्यंत पोंचत नाहीं, ती वरून आलेली आहे असें मानण्यास आधार नाहीं.