रेषेच्या टोकाचा गडी

ब्रह्मपुरीस हिवाळ्यांत रात्र जागविण्याचीं साधनें थोडीं नाहींत. दिवाळी सरली कीं झाडीपट्टींतील गांवोगांवीं दिवसा शंकरपट आणि रात्रीं नाटक हा क्रम सुरू होतो, आणि वैनगंगेपलीकडील वडशाच्या नाटकमंडळ्यांस उसंत म्हणून मिळत नाहीं. अशा रात्रीं घरांत बसून अमेरिकेंतील फुटबॉल पाहणारे आम्ही शेजाऱ्यांस थोडे विक्षिप्तच वाटतों. तिकडे रविवारीं दुपारीं एक वाजतां सुरू होणारा सामना हिवाळ्यांत येथें रात्रीं साडेअकरा वाजतां दिसूं लागतो. नांव फुटबॉल, परंतु चेंडूस पायाचा स्पर्श क्वचितच होतो.

या खेळांत आमचें लक्ष ज्या गड्याकडे वारंवार जातें त्यास 'टाइट एंड' म्हणतात. चढाई करणाऱ्या अकरा गड्यांपैकीं निदान सात जणांस चेंडूच्या रेषेवर उभें राहावें लागतें. त्यांतील मधल्या पांच धिप्पाड गड्यांचें काम केवळ प्रतिपक्षास थोपविण्याचें. पुढें फेंकलेला चेंडू झेलण्याचा त्यांस सामान्यतः अधिकारच नाहीं. तो अधिकार रेषेच्या दोन टोकांवरील व रेषेमागील गड्यांचा. या पांचांस अगदीं खेटून, रेषेच्या टोकावर जो उभा राहतो तो टाइट एंड. खेटून उभा, म्हणून त्यानें खांदा लावून वाट मोकळी करावी. टोकावर उभा, म्हणून पुढें धांवून चेंडूही झेलावा. या क्षणीं तो यांतील कोणतें करील हें प्रतिपक्षास आधीं कळत नाहीं, आणि त्याची सारी किंमत या न कळण्यांत आहे. कित्येकदां तर तो आधीं धडक देतो आणि समोरचा तींत गुंतला कीं हळूच निसटून झेलावयास जातो! हें पाहतांना आम्हांस झोपेचें भान राहत नाहीं.

फार दिवस हें स्थान मुख्यत्वें हमालीचेंच समजलें जात असे. १९६१ सालीं शिकागोच्या 'बेअर्स' संघांत आलेल्या माइक डिट्कानें पहिल्याच वर्षीं ५६ झेल घेऊन हजारांवर यार्ड जमीन जिंकली, तेव्हां लोकांचे डोळे उघडले. १९८८ सालीं व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्यास स्थान मिळालें. टाइट एंडपैकीं हा मान मिळविणारा तो पहिला. याच डिट्कानें पुढें भारतांत हा खेळ रुजविण्यासाठीं निघालेल्या 'एलिट फुटबॉल लीग'ला पाठबळ दिलें. २०१२ मधील तिच्या सामन्यांत 'पुणे मराठाज' नांवाचा संघही होता. खेळ कांहीं इकडे रुजला नाहीं.

परंतु दोन कामें करणाऱ्यास मोबदला कोणत्या कामाचा द्यावा? २०१४ सालीं हा प्रश्न लवादापुढेंच गेला. न्यू ऑर्लिन्सच्या 'सेंट्स' संघांतील जिमी ग्रॅहमनें आदल्या हंगामांत १६ झेल अंतिम रेषेपार नेले होते. करार न ठरल्यास एक वर्षाचें ठराविक वेतन देऊन गड्यास अडवून ठेवण्याचा संघास हक्क असतो, आणि तें वेतन स्थानावर ठरतें. टाइट एंडला तें सुमारें ७० लाख डॉलर. रेषेपासून दूर उभें राहून केवळ झेल घेणाऱ्यास १ कोटी २० लाखांहून अधिक. ग्रॅहमच्या बाजूचें म्हणणें असें कीं सुमारें दोन तृतीयांश वेळां तो रेषेपासून सुटाच उभा होता, तेव्हां त्यास झेलकरी मानावें. लवाद स्टीफन बरबँक यांनीं तें मानलें नाहीं. रेषेवरील अखेरच्या थोपविणाऱ्यापासून चार यार्डांच्या आंत जो उभा तो टाइट एंडच, असें त्यांनीं ठरविलें. ग्रॅहम समाजमाध्यमावर स्वतःस टाइट एंडच म्हणवीत असे, हेंही त्याच्या विरुद्ध गेलें.

निर्णय नियमास धरून असेलही. पण आम्हांस त्यांत घरांतल्या थोरल्या सुनेचा न्याय दिसतो. स्वयंपाकही तिचा आणि हिशेबही तिचा. मात्र मोल करावयाचें तें हलक्या कामाच्या दरानें!

पुढें ग्रॅहमनें चार वर्षांसाठीं ४ कोटी डॉलरचा करार केला खरा. पण २०१५ च्या मार्चमध्येंच 'सेंट्स'नीं त्यास सिअ‍ॅटलला देऊन टाकलें. बदल्यांत नव्या गड्यांच्या निवडींतील पहिल्या फेरीचा एक हक्क आणि मॅक्स अंगर हा गडी त्यांनीं घेतला. हा अंगर रेषेच्या अगदीं मध्यावरचा, केवळ थोपविण्याच्या कामाचा.