मुक्कामाची मेख



चाळीस वर्षे कीर्तन केले. त्यात एक दृष्टांत किती गावांत सांगितला असेल याची गणती नाही. संसार ही धर्मशाळा आहे, आपण वाटसरू. धर्मशाळेच्या भिंतीला कोणी खिळा ठोकत नाही. टाळकरी मान डोलवीत, श्रोते खूश होत आणि मी पुढच्या चरणाकडे वळत असे. आता पंचाहत्तरी उलटली, गळा थांबला. म्हणून सांगायचे राहिले ते लिहून कळवतो. माझा तो दृष्टांत अर्धाच होता. उरलेला अर्धा मला खऱ्या धर्मशाळेत, मुंबईत कळला.

आमचे जाफराबाद पूर्णा आणि केळना यांच्या संगमावरचे. येथे रेल्वे नाही. सात वर्षांपूर्वी आमच्या मंडळींच्या तोंडात गाठ निघाली. एस.टी.ने जालना गाठले, रात्री देवगिरी एक्स्प्रेस धरली आणि सकाळी दादरला उतरलो. परळचे टाटा रुग्णालय १९४१ सालापासून आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून तेथे रोगी येतात. शस्त्रक्रिया झाली आणि पुढे सहा-सात आठवडे शेक घ्यायचा ठरला. काम थोड्या मिनिटांचे, पण आठवड्यातून पाच दिवस जायचे. म्हणजे गावी परतणे नाही. परळच्या फुटपाथावर प्लास्टिक अंथरून राहिलेली कुटुंबे पाहिली आणि पोटात गोळा आला. आमचे भाग्य, दादरला गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळाली.

माउली, खरे सांगतो. जागा मिळाली तरी मी वळकटी सोडली नाही. पिशवीतून एक धोतर काढायचे, तेच वाळवायचे, पुन्हा पिशवीत. शेजारी कोण आहे हे विचारले नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजत बसलो. एका गृहस्थाने गंध-माळ पाहून विचारले, "महाराज, कीर्तन करता का?" मी "नाही" म्हणालो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा खोटे बोललो, तेही विठोबाच्या कामाबद्दल. भीती वाटली की हा कीर्तन करायला सांगेल. देह नाशिवंत आहे हे मी धडधाकट माणसांना हसत सांगत आलो होतो. येथे ते कोणत्या तोंडाने सांगणार?

वळकटीबद्दल मंडळींनी विचारले तेव्हा मी माझाच दृष्टांत पुढे केला. म्हणालो, "चार दिवसांचा मुक्काम. कशाला पसारा?"

तिला बोलताना त्रास होई. तरी थांबत थांबत म्हणाली, "आवो, वारीत आपून एका रातीसाठी राहुटी लावतो. सकाळी निघायचंच असतं. म्हनून मेख अर्धीच ठोकतो का?"

मी गप्प झालो. तेवीस वाऱ्या पायी केल्या, राहुट्या शेकडो वेळा लावल्या. मुक्काम एका रात्रीचा असला तरी मेख पूर्ण ठोकावी लागते, नाहीतर आषाढाचा वारा राहुटी उडवून नेतो. आणि ती राहुटी काही एकट्याची नसते, दिंडीतली वीस माणसे तिच्याखाली निजतात.

त्याच दिवशी मी वळकटी सोडली. मंडळींनी दोरी बांधून घेतली, डबे मांडले. चार दिवसांत तिला सगळ्यांची नावे माहीत झाली. बोलणे कमी, खुणा जास्त. मी कागदांची फाईल नीट लावली, कोणती बस परळला जाते ते पाठ केले, नव्याने आलेल्यांबरोबर पहिल्या दिवशी रांगेत उभा राहू लागलो. संध्याकाळी खाटेजवळ बसून हळू आवाजात हरिपाठ सुरू केला. वीणा नाही, मृदंग नाही. बिहारचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता. त्याला मराठी येत नव्हते, पण ताल बरोबर धरी. त्या गृहस्थाची मी माफी मागितली. तो म्हणाला, "महाराज, मला तेव्हाच कळलं होतं." एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठलाला जाऊन आलो.

नामदेवराय पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमानला राहिले. परमुलखात पाहुण्यासारखे राहिले असते तर त्यांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबात कशी जाती? आणि ज्यांच्या नावाच्या छपराखाली आम्ही निजत होतो, त्या गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी घर बांधले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच देह ठेवला. दुसऱ्यांच्या मुक्कामाच्या मेखा त्यांनी जन्मभर ठोकल्या.

शेक संपले. निघताना दोरी सोडली, डबे बिहारच्या त्या मुलाला दिले, जागा झाडून पुसून दिली. गावी आल्यावर मंडळींना चार आषाढ्या मिळाल्या. मग ती वैकुंठाला गेली. त्या चार वर्षांत तिने अंगणात तुळस नव्याने लावली, नातवाला हरिपाठ शिकवला. आजार परतू शकतो हे तिला ठाऊक होते. मेख मात्र पूर्ण ठोकलेली होती.

तेव्हा माउली, तुमच्यापैकी कोणी मुलाकडे पुण्यात, कोणी दवाखान्यासाठी मुंबईत, कोणी ऊसतोडीला परमुलखात असाल. "आपले गाव थोडेच आहे हे" म्हणून वळकटी बांधून बसू नका. शेजाऱ्याचे नाव विचारा, विठोबाचे देऊळ शोधा, तुमच्यामागून आलेल्याला वाट दाखवा. खिळा भिंतीत राहतो, त्याला मोह म्हणावे. मेख सकाळी उपटून बरोबर नेता येते, आणि जमीन होती तशी राहते. संसार धर्मशाळा आहे हे मी आजही म्हणेन. फक्त त्यापुढे हे एवढे जोडीन.

राम कृष्ण हरी.