पहिला दिवस थराराचा नको

प्रिय मित्रा,


शाळेच्या नववीच्या मुलामुलींना डिसेंबरात चार दिवस बोरच्या जंगलाकाठी मुक्कामाला न्यायचं तू ठरवलंस, हे मनापासून आवडलं. वर्धा शहरातल्या मुलांना आपल्याच जिल्ह्यातलं जंगल बातम्यांपुरतं माहीत असावं, हे बरं नाही. पण तू पाठवलेल्या वेळापत्रकातला पहिला दिवस मात्र बदलावा, असं मला ठामपणे वाटतं. पोचल्याबरोबर दोरावरून उतरणं, दुपारी झिपलाइन, मग लांबची चाल, आणि रात्री शेकोटीभोवती धिंगाणा, असा तो भरगच्च दिवस आहे. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या दिवशी मुलांच्या वाट्याला थरार नको, जबाबदारी यावी. तो दिवस संथ ठेवला तर पुढचे तीन दिवस सुरक्षितही होतील आणि मुलांना त्यातून काही मिळेलही.

आधी शरीराचं बघू. अमेरिकेचं कामगार-सुरक्षा खातं सांगतं की उघड्यावर काम करताना उष्णतेने जे मृत्यू होतात, त्यांतले निम्म्याहून अधिक कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात, कारण अंगाला सवय व्हायला वेळ लागतो. आपल्याकडे डिसेंबरात ऊन तितकं जाळत नाही, हे खरं. पण नवे बूट, खांद्यावरचं अनोळखी ओझं, प्रवासाचा शीण आणि पाणी कमी पिण्याची शहरी सवय हे सगळं पहिल्याच दिवशी एकत्र येतं. शिवाय कोणाला दमा आहे, कोण उंचीला घाबरतं, कोणाची पाळी सुरू आहे, हे त्या दिवशी शिक्षकांनाही नीट ठाऊक नसतं. ज्यांची ताकद आपण जोखलेली नाही, त्यांना दोराला बांधणं शहाणपणाचं नाही.

दुसरा पुरावा याहून कठोर आहे. बिघडलेल्या मुलांना जंगलात नेऊन सुधारण्याचे खासगी कार्यक्रम अमेरिकेत फार चालले. त्यांतल्या मृत्यूंची चौकशी तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2007 साली मांडली. अप्रशिक्षित माणसं, अपुरं अन्न, आणि मूल त्रास होतोय म्हणालं की ते ढोंग करतंय असं समजणं, ही कारणं त्यात पुन्हा पुन्हा दिसली. आपली शिबिरं तशी नाहीत, पण तिसरी चूक आपल्याकडेही सहज होते. ‘नाटकं करू नकोस, चल’ हे वाक्य आपल्या मैदानांवर रोज ऐकू येतं. म्हणून पहिल्या दिवशी मुलांना स्पष्ट सांगायला हवं की ‘मला जमत नाही’ असं म्हणायची मुभा आहे, आणि तसं म्हणणाऱ्याला कोणी हसणार नाही. हा विश्वास भाषणाने बसत नाही. पहिल्या मुलाने पाणी मागितलं की लगेच थांबलात, तर तो बसतो.

तू म्हणशील, आजची मुलं लाडावलेली आहेत, त्यांना जरा हादरा बसायलाच हवा. या मताला मोठी परंपरा आहे, हे मान्य. 1941 साली वेल्समधल्या अबरडोव्ही इथे कुर्ट हान आणि जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांनी ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा काढली. बुडालेल्या जहाजांवरचे तरुण खलाशी हिंमत सोडतात आणि वयाने मोठे, मुरलेले खलाशी तग धरतात, असं होल्ट यांचं निरीक्षण होतं. त्यावर हान यांनी काढलेला उपाय म्हणजे जवळजवळ महिनाभराचं शिक्षण होतं. एका दिवसाचा धक्का त्यांना अभिप्रेत नव्हता. 1997 साली अशा कार्यक्रमांवरच्या 96 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. आत्मविश्वास आणि स्वतःवरचा ताबा यांत सहभागी झालेल्यांना मिळालेला लाभ कार्यक्रम संपल्यावरही टिकला, आणि लांबच्या मुदतीच्या कार्यक्रमांत तो अधिक होता, असं त्यात दिसलं. हिंमत मुरायला वेळ लागतो, आणि तुझ्याकडे तर चारच दिवस आहेत. त्यातला पहिला दिवस पाया घालण्यात गेला, तर तो वाया गेला असं समजू नकोस.

तो पाया कसा घालायचा, हे शिकायला आपल्याला वेल्सला जायची गरज नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीम ही शिक्षणपद्धती पुढे आली. सफाई, स्वयंपाक, शेती, सूतकताई ही कामं म्हणजेच शिक्षण, असं सेवाग्रामने मानलं. तिथल्या आनंद निकेतन शाळेत तो विचार आजही चालू आहे. तोच धागा धरून पहिला दिवस असा आख. पोचल्यावर प्रत्येकाची पिशवी, बूट, औषधं तपासा. शौचाची सोय, पाळीची काळजी, साप-विंचू निघाले तर काय करायचं, हे न लाजता सांगा. मुलींशी शिक्षिकेने वेगळं बोलावं. मग तंबू मुलांनीच ठोकावेत, पाणी मुलांनीच भरावं, संध्याकाळची खिचडीही त्यांनीच शिजवावी. करपली तर करपलेली खाऊ द्या. दोर तिसऱ्या दिवशी काढ.

दुपारचा वेळ गावकऱ्यांना दे. बोर 1970 साली अभयारण्य झालं, 2014 साली व्याघ्र प्रकल्प. सुमारे 138 चौरस किलोमीटरचं त्याचं गाभा क्षेत्र देशातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या सर्वांत लहान गाभा क्षेत्रांपैकी एक आहे, आणि त्याला लागून शेतं आहेत, गुरं आहेत, माणसं आहेत. 2017 साली ब्रह्मपुरीहून आणून बोरमध्ये सोडलेल्या वाघिणीने माणसं मारली, आणि शेवटी तीही शेताच्या कुंपणातल्या विजेच्या धक्क्याने मेली. हे जंगल निर्मनुष्य नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी कळायला हवं. रात्रीच्या राखणीला जाणारा शेतकरी आणि वनरक्षक यांनी त्यांच्याशी तासभर बोलावं. वाघाच्या भीतीने पालक कचरतील, तर त्यांनाही या बैठकीला बोलाव. नियम कोण सांगतं आणि रात्री पहारा कोणाचा, हे कळलं की निम्मी भीती जाईल.

मुलं कंटाळतील, ही तुझी शंका उरतेच. काही कंटाळतील. मोबाइल घरी ठेवून आलेल्या मुलाला पहिली संध्याकाळ लांब वाटणारच. पण सोबतच्याशी बोलायला, आजूबाजूला पाहायला ते मूल त्याच रिकाम्या वेळात लागतं. तो वेळ आपण करमणुकीने भरून टाकला, तर जंगल आणि रिसॉर्ट यांत त्याला फरक उरणार नाही. पालकांनी पैसे भरले आहेत ते मूल अधिक जबाबदार होऊन परतावं म्हणून, असं त्यांना निःसंकोच सांग.

तेव्हा वेळापत्रक छापायला देण्याआधी पहिलं पान पुन्हा लिही, एवढी विनंती. आणि आणखी एक: मुलांसोबत जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला प्रथमोपचाराचं शिक्षण आधी द्या. ते झालं नसेल, तर शिबिर महिनाभर पुढे ढकल.

कळावे, लोभ असावा.

तुझा स्नेहांकित