खिशाची खोली

"तीन, दोन, तीन. चार, पाच, सात." डॉक्टर आकडे सांगत होत्या आणि त्यांची सहायक ते तक्त्यात भरत होती. आई खुर्चीत आडवी, तोंड उघडं, डोळे छताकडे. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई हिरडीखाली सरकवायची, आणि प्रत्येक दाताभोवती सहा जागी मोजायचं. तीनपर्यंत ठीक. त्यापुढे हिरडी दातापासून सुटत गेलेली असते. त्या फटीला डॉक्टर 'पॉकेट' म्हणतात. आईच्या तोंडात असे बरेच खिसे निघाले.

आईने तीसेक वर्षं मशेरी लावली. कराडजवळच्या आमच्या गावात तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास ही सकाळची खूण होती. मशेरीने हिरड्या घट्ट होतात, अशी तिची खात्री. त्यात मधुमेह. खालची दाढ हलायला लागली तरी दुखत नव्हती, म्हणून तिने मला फोनवर काही सांगितलंच नाही.

"बाकीचे टिकतील का?" तिने विचारलं.

"आत्ताच कसं सांगू? ही सळई झालेलं नुकसान मोजते. तुम्ही मशेरी सोडा, साखर सांभाळा, दर तीन महिन्यांनी या."

मला हे उत्तर पटलं नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. 'पुढे काय होईल' हे आकड्यांवरून सांगणं हेच माझं काम. मी वाचायला लागले. लेवेनहूकने १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचं कीट भिंगाखाली पाहिलं आणि त्यात वळवळणारे जीव दिसल्याचं लंडनला कळवलं. १९९८ मध्ये बॉस्टनच्या सिगमंड सॉक्रन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरडीखालचे जिवाणू कोण कोणासोबत राहतो यावरून गटांत मांडले आणि गटांना रंग दिले. लाल गटात तिघे: पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. खिसा जितका खोल, तितके हे जास्त.

मग काय, सगळ्यांसाठी खुली असलेली माहिती उतरवून घेतली. निरोगी आणि आजारी माणसांच्या कीटातल्या जिवाणूंची प्रमाणं. दोन शनिवार-रविवार घालवून मॉडेल बसवलं. आजारी कोण, ते बहुतेक वेळा अचूक ओळखायचं. कोणत्या जिवाणूवरून ओळखतंस असं त्याला विचारलं, तर लाल गटातले तिघे वरच्या रांगेत. मी खूश.

तिसऱ्या रविवारी शंका आली. ऑफिसात एकदा आम्ही सर्व्हर बंद पडण्याचं भाकीत करणारं मॉडेल केलं होतं. ते जवळजवळ चुकायचंच नाही. नंतर कळलं, ते लॉगमधल्या ज्या ओळीवर विसंबून होतं, ती सर्व्हर बंद पडल्यावरच लिहिली जायची. इथेही तसंच होतं. या तिघांना प्राणवायू नको असतो, आणि सुजलेल्या हिरडीतून पाझरणाऱ्या द्रवावर ते पोसले जातात. खोल खिशात दोन्ही सोयी आयत्या. जिवाणूंमुळे खिसा खोल होतो हे खरं, पण खिसा खोल झाल्यामुळे जिवाणू वाढतात हेही खरं. माझं मॉडेल भविष्य सांगत नव्हतं. सळई पाच मिनिटांत सांगते तेच ते डीएनए वाचून सांगत होतं.

शिवाय नुसती मोजदाद पुरत नाही. २०११ मधल्या उंदरांवरच्या एका प्रयोगात जिंजिव्हॅलिस अगदी थोड्या प्रमाणात सोडला, तरी तोंडातल्या बाकीच्या जिवाणूंची घडी बिघडली आणि दाताभोवतीचं हाड झिजलं. ज्या उंदरांच्या अंगात दुसरे जिवाणूच नव्हते, त्यांच्यात तो एकटा काही करू शकला नाही. आणि निरोगी माणसांच्या तोंडातही हे तिघे सापडतातच. खरं भाकीत करायचं तर तीच माणसं, तेच दात वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासायला हवेत.

२०१८ पासून दंतवैद्य या आजाराची पायरी आणि वेग वेगवेगळे नोंदवतात. पायरी म्हणजे किती नुकसान झालं, वेग म्हणजे किती झपाट्याने होतंय. वेग ठरवताना गेल्या काही वर्षांत किती हाड गेलं ते बघतात, मग धूम्रपान आणि मधुमेह. जिवाणू मोजावे लागत नाहीत. म्हणजे जे उत्तर मला पटलं नव्हतं, त्यात साखर होती आणि 'दर तीन महिन्यांनी या' हेही होतं. पुन्हा पुन्हा मोजणं. माझ्याकडच्या माहितीत नेमकं तेच नव्हतं.

तीन महिन्यांनी गेलो. दाढ काढावी लागली. पण साफसफाईनंतर पाचाचे बरेच खिसे तीन-चारवर आले होते. मशेरी चार वेळांवरून एकीवर आली आहे. ती एक काही सुटत नाही.

परतताना एसटीत आईने गालावर कापूस दाबून विचारलं, "तुझं मशीन काय म्हणतंय गं?"

"म्हणतंय, तुला हिरड्यांचा आजार आहे."

"ते तर मलाबी ठाऊक हाय," ती म्हणाली.

मी मोबाइलमध्ये पुढची तारीख टाकली.